"बाई, नगर पेटलंय का?"

इयत्ता : चौथी
विषय : मराठी (पत्रलेखन) आणि थोडा परिसर अभ्यास
तासिका : दोन धरल्या होत्या, चार लागल्या



एरवी मी इथे पाठ लिहिते तेव्हा आधी टाचण काढलेलं असतं, साहित्य जमवलेलं असतं. हा पाठ तसा नाही. हा माझ्या एका चुकीतून सुरू झाला, म्हणून आधी चूक सांगते.

मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५. आदल्या दिवशी नगर शहरात माळीवाडा भागात रस्त्यावर काढलेल्या एका रांगोळीवरून तणाव झाला होता. भावना दुखावल्या म्हणून लोक कोठल्यात रस्त्यावर आले, रास्ता रोको झाला, पोलिसांनी लाठीमार केला, तीस जणांना धरलं. (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण पोरांच्या तोंडी अजून नगरच आहे, म्हणून मीही तेच लिहिते.) कोणाचं काय चुकलं ते ठरवायला पोलीस आहेत, कोर्ट आहे. मी लिहिणार आहे ते फक्त माझ्या वर्गात काय झालं त्याबद्दल.

आमची शाळा नगरपासून एस.टी.नं पाऊण तासावर. वर्गात अठ्ठावीस मुलं. त्यातल्या अकरा जणांच्या घरचं कोणी ना कोणी रोज नगरला जातं. कोणी एमआयडीसीत, कोणी भाजी घेऊन, कोणी बांधकामावर, कोणाची ताई कॉलेजला. मंगळवारी परिपाठ संपला, मी हजेरी घेत होते आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, नगर पेटलंय का?"

मी काय म्हणाले असेन? जे आपण सगळेच म्हणतो. "काही नाही झालेलं. बसा खाली. वह्या काढा."

ती बसली. वही काढली नाही, डोकं बाकावर टेकवलं. मला वाटलं झोप झाली नसेल, नवरात्राचे दिवस आहेत, रात्री गरबा असतो गावात. मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या रांगेत उभी होते तेव्हा कानावर आलं की नगरमध्ये पन्नास माणसं मेली, पूल उडवला आणि एस.टी. बंद झाली. यातलं काहीसुद्धा झालेलं नव्हतं. वाढपी मावशींना विचारलं, हे कुठून आलं? त्या म्हणाल्या, "तुमच्याच वर्गातून आलं की."

मग कळलं. त्या मुलीची आई नगरला एका दवाखान्यात साफसफाईच्या कामाला आहे. सोमवारी ती घरी आलीच नव्हती, फोन बंद होता. घरात फक्त आजी. आजी रात्रभर दारात बसून होती आणि सकाळी पोरीला म्हणाली, "शाळेत जा, बाईंना विचार, बाईंना माहीत असंल." पोरगी मला विचारायला आली होती आणि मी तिला वही काढायला सांगितली.

आई दुपारी तीनच्या सुमारास आली. शेवटची गाडी चुकली, मावशीकडे मुक्काम केला, मोबाईलची बॅटरी उतरली होती. सगळं साधं कारण. पण सकाळी नऊ ते दुपारी तीन ती पोरगी काय काय बघत होती डोळ्यांपुढे, ते मला चांगलं माहीत आहे. कारण मी सहा वर्षांची असताना तेच बघितलं आहे.

माझं माहेर पारनेर तालुक्यातलं, कल्याण रस्त्यापासून चार किलोमीटर आत. आमच्या भागातली निम्मी कर्ती माणसं तेव्हा मुंबईत असायची. कोणी माथाडी, कोणी गिरणीत, कोणी हॉटेलात. गावच्या मंडळींची लालबागला एक खोली होती, पाळीपाळीनं झोपायचे त्यात. माझे दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) मशीद बंदरला माथाडी कामगार होते. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली, मुंबईत दंगल झाली आणि थांबल्यासारखी वाटली. मग जानेवारीत, ६ तारखेपासून, पुन्हा पेटली ती २० तारखेपर्यंत. मी पहिलीत होते. मला यातलं काही कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की दादा संक्रांतीला येणार होते, तिळगूळ झाला आणि दादा आले नाहीत.

आजच्या पालकांना हे जरा समजावून सांगावं लागतं की तेव्हा खबर यायची कशी. गावात फोन एकच, पोस्टात. तोही लागला तर लागला. वर्तमानपत्र दुपारी यायचं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या, त्याला सगळी आळी आमच्या ओट्यावर जमायची. रेडिओवर 'परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात' असं सांगायचे. मला आठवतं, माझी आई त्यातला फक्त पहिला शब्द ऐकायची आणि आजोबा फक्त शेवटचा. बातमी एकच, दोघांनी आपापली ऐकायची.

आणि मनीऑर्डर. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास दादांची मनीऑर्डर यायची. त्या महिन्यात आली नाही. दहा गेली, बारा गेली. पोस्टमन दारावरून पुढे गेला की आई काही बोलायची नाही, पण मला मारायची. उगीच, कशावरूनही. मोठी झाल्यावर हे लक्षात आलं. आता वर्गात एखादं मूल कारण नसताना दुसऱ्याला मारतं तेव्हा मी आधी विचारते, घरी कोण नाहीये?

खरी खबर आणायची मुंबईहून येणारी एस.टी. माळशेज घाट चढून, आळेफाटा करून गाडी संध्याकाळी फाट्यावर यायची. आई मला घेऊन चार किलोमीटर चालत जायची. ड्रायव्हर-कंडक्टरला विचारायचं, उतरणाऱ्याला विचारायचं. त्या दोन आठवड्यांत मुंबईतून गाड्या भरभरून लोक बाहेर पडत होते. उतरलेला माणूस आपल्या ओळखीचा असेल तर त्याला गराडा पडायचा. तो बिचारा दमलेला, घाबरलेला. त्यानं जे पाहिलं ते सांगायचाच, आणि वाटेत ऐकलेलंही पाहिल्यासारखं सांगायचा. मग तेच फाट्यावरून गावात जायचं आणि गावात पोचेपर्यंत दुप्पट व्हायचं.

त्या फाट्यावर रोज आणखी एक बाई यायची. आमच्या आळीच्या टोकाला राहणारी तांबोळी चाची. तिचा थोरला मुलगा मुंबईत शिलाई कारखान्यात होता. पहिले दोन-तीन दिवस आई आणि चाची बरोबर जायच्या, पिशवीतून पाणी न्यायच्या. मग एके दिवशी कोणीतरी उतरलं आणि काहीतरी सांगितलं. काय ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आई रस्त्याच्या या बाजूला उभी राहायची आणि चाची त्या बाजूला. दोघी त्याच गाडीची वाट बघायच्या. मी चाचीकडे पळाले तर आईनं माझा हात ओढला. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आई आज हयात आहे, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही. खरंच आहे ते."

दादा आले ते तेवीस-चोवीस जानेवारीला, कांद्याच्या ट्रकमधून. मुंबईला कांदा सोडून रिकामा परत येणारा ट्रक होता. ते काही बोलले नाहीत. पुढेही कधी फार बोलले नाहीत. चाचीचा मुलगा त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आला आणि पुन्हा मुंबईला गेलाच नाही. गावात मशीन टाकून बसला. माझा पाचवीपासूनचा शाळेचा गणवेश त्यानंच शिवलाय.

आणि मनीऑर्डर? ती दादा आल्यावर चार दिवसांनी आली. त्यांनी ५ तारखेला केलेली होती. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली दोन ओळी लिहायला जागा असायची. त्यात लिहिलं होतं, "मी खुशाल आहे. संक्रांतीला येतो." आईनं तो तुकडा अजून ठेवलाय.

श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्या दोन महिन्यांतल्या दंगलीत ९०० माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. मी डी.एड. करत असताना हे आकडे पहिल्यांदा वाचले आणि मनात आलं की या प्रत्येकामागे कुठल्या ना कुठल्या फाट्यावर कोणीतरी उभं असेल. काहींची गाडी आलीच नाही.

आता पाठाकडे येते.

मंगळवारी दुपारी, त्या मुलीची आई यायच्या आधी, मी फळ्यावर तीन रकाने आखले. 'मी पाहिलं', 'मला सांगितलं', 'मला वाटलं'. मुलांना म्हटलं, नगरबद्दल सकाळपासून जे जे ऐकलंय ते बोला, मी लिहिते. खोटं-खरं आत्ता कोणी ठरवायचं नाही. कोणी हसायचं नाही.

'मला सांगितलं' हा रकाना पाच मिनिटांत भरला. खडू संपला. पन्नास माणसं, पूल, एस.टी., तलवारी, हेलिकॉप्टर. कोणी सांगितलं? भाऊनं. भाऊला कोणी? मोबाईलवर आलं. 'मी पाहिलं' या रकान्यात एकच गोष्ट आली : "मी फाट्यावर पोलिसांची गाडी पाहिली." काय करत होते पोलीस? "चहा पीत होते." वर्ग हसला. मीही हसले आणि 'चहा पीत होते' हेसुद्धा लिहिलं, कारण तेवढंच आमच्याकडे पक्कं होतं.

तिसरा रकाना रिकामाच राहिला. मुलांना 'मला वाटलं' म्हणजे काय लिहायचं ते कळेना. मी थांबले. शिक्षकांना सांगते, इथे घाई करू नका, उदाहरण देऊ नका. दोन मिनिटं वर्ग शांत राहू द्या, काही बिघडत नाही. मग ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं आई येणार नाही."

त्यानंतर मात्र रकाना भरला. मला वाटलं पप्पांचा टेम्पो जाळतील. मला वाटलं ताईचं कॉलेज बंद होईल आणि तिचं लग्न लावून देतील. (हो, हेही आलं. आणि ती भीती अगदीच बिनबुडाची नव्हती.) मला वाटलं आपल्या गावात येतील. कोण येतील? "ते."

इथे माझी दुसरी चूक सांगते. 'ते' म्हटल्यावर दोन-तीन माना एका मुलाकडे वळल्या. त्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्यानं सकाळीच मला म्हटलं होतं, "बाई, माझी जागा बदला." का? "असंच." मी सकाळच्या गडबडीत, शांतता राहावी म्हणून, त्याला दुसरीकडे बसवलं होतं. म्हणजे रस्त्याच्या दोन बाजूंना उभं करण्याचं काम या वेळी मीच केलं होतं, आणि ते माझ्या लक्षात दुपारी आलं.

संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेले. त्याचे वडील टेम्पोवर फळं वाहतात. सोमवारी नगरमध्ये काय चाललंय ते कळल्यावर त्यांनी टेम्पो केडगावला थांबवला आणि रात्री अकरापर्यंत तिथेच बसून राहिले. घरी फोन करत होते, पण लाईन लागत नव्हती. त्या मुलाच्या आईनं मला चहा दिला आणि म्हणाली, "मॅडम, पोरगं जेवलं नाही काल." मी त्या मुलाला विचारलं, उद्या वर्गात यातलं काय सांगू? काय नको सांगू? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "टेम्पो केडगावला थांबवला ते सांगा. मी जेवलो नाही ते नका सांगू." (आता इथे लिहायच्या आधी पुन्हा त्याला आणि त्याच्या आईला विचारलं. दोघं हो म्हणाले.)

बुधवारी सांगितलं. जागा बदललेल्या मुलाला मी परत जागेवर बस म्हटलं नाही, नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो दप्तर घेऊन गेला. मधल्या सुट्टीत दोघं भांडले, नेहमीसारखे, रबरावरून. मला बरं वाटलं.

बुधवारचा दुसरा तास कानगोष्टींचा. हा खेळ सगळ्यांना माहीत आहे, पण मी वाक्य जपून निवडलं. पहिल्या मुलीच्या कानात सांगितलं, "कल्याण रोडला टेम्पोचं चाक पंक्चर झालं म्हणून गर्दी झाली." अठ्ठाविसाव्या मुलानं मोठ्यानं सांगितलं, "कल्याण रोडला टेम्पो जाळला, गर्दी आहे." मुलं आश्चर्यानं एकमेकांकडे बघायला लागली. मी विचारलं, खोटं कोण बोललं? कोणीच नाही. मग झालं कसं? एक जण म्हणाला, "मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी जुळवलं." त्याला मी त्या दिवशी शाबासकी दिली. एवढं प्रामाणिक उत्तर मोठी माणसं देत नाहीत.

पालकांसाठी इथे जरा थांबते. आपण अफवा पसरवतो ते दुष्टपणानं नव्हे, बहुतेक वेळा काळजीनंच. घरचं माणूस बाहेर आहे, खबर नाही, मग हातात जे येईल ते पुढे ढकलतो, 'सावध राहा' म्हणून. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज फिरत होते. त्यावरून मंगळवेढ्याकडच्या भिक्षेकरी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या लेकरांची काळजीच वाटत असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण आपल्या आळीत पाच ग्रुप म्हणजे सगळं गावच झालं की!

मुलांनी विचारलेला एक प्रश्न : "संचारबंदी म्हणजे काय, आणि जमावबंदी म्हणजे तेच का?" मोठ्यांचाही घोळ होतो म्हणून लिहिते. जमावबंदीत पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही, पण आपापल्या कामाला जाता येतं. संचारबंदीत घराबाहेरच पडायचं नाही, सवलत दिली असेल तेवढ्या वेळेतच पडायचं. पूर्वी हे आदेश १४४ कलमाखाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १६३ झालं. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगल झाली तेव्हा काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी होती, साऱ्या शहरात नव्हती. हे मुलांना नकाशावर दाखवलं. 'नागपूर बंद आहे' आणि 'नागपुरातला एवढा भाग बंद आहे' यात केवढा फरक आहे, ते ज्याचा मामा नागपूरला आहे त्याला लगेच कळतं.

एका मुलानं विचारलं, "मग दंगल होणारच असते का?" याला मी भिवंडीचं उदाहरण दिलं. भिवंडीत १९७० ला मोठी दंगल झाली, १९८४ ला पुन्हा झाली. नंतर सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी तिथे गेले, त्यांनी मोहल्ला मोहल्ल्यात दोन्हीकडच्या साध्या माणसांच्या समित्या केल्या. नळाच्या भांडणापासून सगळं त्या समितीत बोलायचं. १९९२-९३ ला शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यांनी त्यावर 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असं पुस्तकच लिहिलंय. चौथीच्या मुलांना यातलं नळाचं भांडण तेवढं नीट समजलं, आणि तेवढं पुरे आहे.

गुरुवारी दसऱ्याची आणि गांधी जयंतीची सुट्टी. शुक्रवारी पत्रलेखन.

पत्राचा विषय पुस्तकात असतो, 'सहलीला परवानगी मागणारे पत्र' वगैरे. मी म्हटलं, ज्याची आपल्याला काळजी वाटते त्याला पत्र लिहायचं. पाठवलंच पाहिजे असं नाही. मुलं म्हणाली, पाठवायचं नाही तर लिहायचं कशाला? तेव्हा त्यांना आपल्याच नगरच्या किल्ल्यातली गोष्ट सांगितली. आमची सहल गेल्या वर्षी तिथे गेली होती, त्यामुळे नेहरूंची खोली मुलांच्या डोळ्यांसमोर होती.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' ठरावानंतर काँग्रेसच्या बारा पुढाऱ्यांना या किल्ल्यात आणून ठेवलं. त्यात मौलाना आझाद होते. बाहेर सगळा देश पेटलेला आणि आत सुरुवातीला ना वर्तमानपत्र, ना पत्र. मौलाना मुंबईला निघाले तेव्हा त्यांच्या पत्नी झुलैखा बेगम कलकत्त्याच्या घरी दारापर्यंत पोचवायला आल्या होत्या. पुढे त्या खूप आजारी पडल्या. तशी तार किल्ल्यात आली. सरकारकडे विनंती केली असती तर कदाचित भेटायला जाता आलं असतं, पण मौलानांनी विनंती केली नाही. ९ एप्रिल १९४३ ला त्या गेल्या. मौलाना त्या काळात आपल्या एका मित्राला पत्रं लिहीत होते. ती पाठवता येणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, तरी लिहीत राहिले. बायको गेल्यावर दोन दिवसांनी त्यांनी याबद्दलही लिहिलं. सुटल्यानंतर, १९४६ मध्ये, त्या पत्रांचं उर्दू पुस्तक निघालं, 'गुबार-ए-खातिर'.

एका मुलीनं विचारलं, "बाई, मग ते गेले का नाहीत बघायला?" मी म्हटलं, इंग्रज सरकारपुढे हात पसरायचे नव्हते त्यांना. ती म्हणाली, "मी गेले असते." यावर मला काही बोलता आलं नाही. खरं सांगायचं तर मीसुद्धा गेले असते.

मग लिहायला बसली. मायना, दिनांक, खाली सही, हे सगळं मी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. मजकुरावर एकच सूचना : "काळजी घ्या" हे शब्द वापरायचे नाहीत. कारण ते लिहिलं की मुलं थांबतात. काय काळजी घ्यायची ते लिहा.

याच तासाला आणखी एक काम केलं, ते प्रत्येक पालकानं घरी करावं अशी विनंती आहे. प्रत्येक मुलाला दोन मोबाईल नंबर तोंडपाठ हवेत. एक घरातला, एक गावाबाहेरच्या नातेवाइकाचा. गडबडीत शहरातल्या शहरात फोन लागत नाहीत, पण पुण्याच्या आत्याला लागू शकतो. मग ज्यानं त्यानं आत्याला कळवायचं आणि आत्यानं बाकीच्यांना. कॉल लागला नाही तर साधा एसएमएस करायचा, बऱ्याचदा तो निघतो. इंटरनेट बंद असलं तरी एसएमएसला इंटरनेट लागत नाही. अडचणीत ११२, आणि मुलांसाठी १०९८. घरी पोचायला उशीर होणार असेल तर शेवटची एस.टी. सुटायच्या आधी निरोप यायला हवा, असा नियमच करून टाका. आमच्या अठ्ठावीसपैकी फक्त सहा जणांना आईचा नंबर पाठ होता. बाकीचे म्हणाले, "मोबाईलमध्ये आहे की." मोबाईल आईकडेच असतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

शिक्षकांना एक सांगायचं राहिलं. मूल असा प्रश्न विचारतं तेव्हा "काही नाही झालं" म्हणू नका. त्याला माहीत असतं की काहीतरी झालंय. मग दोनच निष्कर्ष निघतात, एक तर बाईंना माहीत नाही किंवा बाई लपवतायत, आणि दोन्हीत तो दुसऱ्या कोणाला तरी विचारायला जातो. मी आता असं म्हणते : "मला एवढं एवढं माहीत आहे. बाकी मी विचारून सांगते. तुझ्या घरचं कोण आहे तिकडे?" तिसरं वाक्य सगळ्यात आधी म्हटलं तरी चालेल. त्या मंगळवारी मी ते म्हटलं असतं तर दवाखान्यात एक फोन करायला मला दोन मिनिटं लागली असती. त्या दवाखान्याचा नंबर माझ्याकडे होता. गेल्या वर्षी आरोग्य तपासणीच्या वेळी घेतलेला.

पत्रं तपासली. टेम्पोवाल्यांच्या मुलानं कोरा कागद दिला, फक्त मायना आणि सही. 'तीर्थरूप पप्पांस' आणि खाली नाव. मधली जागा मोकळी. मी त्यावर बरोबरची खूण केली आणि परत दिला. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाहीये. तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा.

आणि जिची आई आली नव्हती त्या मुलीचं पत्र चार ओळींचं. ह्रस्व-दीर्घाच्या चुका होत्या, त्या मी शुद्ध करून इथे देते. आईनं परवानगी दिली आहे.

"प्रिय आई, तू आलीस ते बरं झालं. आजी रात्रभर दारात होती, तिचे पाय सुजले. तू दवाखान्यात चार्जर घेऊन जात जा. माझा डबा मी केला होता."

पुढच्या आठवड्यात विरामचिन्हे.